तोंडावाटे नाही

सव्वीस वर्षं रबाळ्याच्या कंपनीत
लाल-पिवळ्या कॅप्सूल मोजल्या मी.
अमॉक्सिसिलीन, पाचशे मिलिग्रॅम.
दहाची पट्टी, दहा पट्ट्यांचं खोकं,
आणि नखांत घरापर्यंत येणारा तो आंबूस वास.
कुंदा म्हणायची, आधी हात धुऊन या, मग पान मांडते.

त्या औषधावर आमच्याकडे कुणी शंका घेतली नाही.
घसा, दाढ, ऋजुताचा कान,
वॉचमन बागुलच्या टाचेत घुसलेला खिळा,
सगळ्यावर तेच.
देव्हाऱ्यातल्या अंगाऱ्याइतकं घरचं.

म्हणून परवा साबूनं खाणं सोडलं,
गवताच्या काडीकडे पाठ करून कोपऱ्यात बसला,
तर माझा हात सवयीनंच डब्याकडे गेला.
कॅप्सूल उघडायची, चिमूटभर पाण्यात.
झाकण अर्धं वर आलं होतं.
मग काय वाटलं कोण जाणे,
त्याला पिशवीत घालून रिक्षा पकडली.

नेरूळ, सेक्टर सोळा. खाली झेरॉक्सवाला, वर डॉ. हेमांगी तांडेल.
तिनं आधी वजन केलं: एक किलो सातशे चाळीस.
मग पोटाला नळी लावून इतका वेळ ऐकत राहिली
की मला वाटलं आत कुणी बोलतंय.
"काही ऐकू येत नाही," म्हणाली. "आतडं थांबलंय."

लाइन बंद. एवढं मला समजलं.

कॅप्सूलचं सांगितलं तेव्हा तिचं पेन थांबलं.
"काका, तोंडावाटे नाही. सशाला कधीच नाही.
गवत पचवणारे जिवाणू असतात ना आत,
हे आधी त्यांनाच मारतं.
मागे उरतात ते विष करणारे.
दोन-चार दिवसांत ससा जातो."
हे तिनं बसस्टॉप सांगावा तसं सांगितलं.
मी माझ्या नखांकडे बघत होतो.

मग एक-एक बाटली माझ्या हातात.
हे वेदनेचं. लेबलवर कुत्रा आहे, पण किलोमागे
कुत्र्यापेक्षा जास्त लागतं याला, ससा औषध भराभर जाळतो.
आणि दुखतंय हे दाखवत नाही तो.
ज्याला सगळेच खातात, तो दाखवेल कसा?
हे गॅसचे थेंब, तान्ह्या बाळांचेच.
आतडं हलवणारं मात्र एक्स-रेनंतर,
कुठे अडकलं नाही हे बघून.
(तुंबलेल्या पाइपवर पंप चालू करत नाहीत,
यावर मी मान हलवली, हे तर माझ्या खात्यातलं.)
उपाशी ठेवू नका, गवताची पूड भिजवून भरवत राहा.
आणि शेजारच्या कुत्र्याच्या मानेवर टाकतात
ते पिसवांचं औषध, त्याच्या वाऱ्यालाही नेऊ नका.

बिनसुईची सिरिंज, एक एमएल.
पुढच्या दातांमागे एक फट असते, बाजूनं.
तिथून थेंब थेंब.
पहिल्यांदा अर्धं माझ्या बाहीवर गेलं.
किती आत गेलं याचा हिशेब लागेना,
आणि मी तर आयुष्यभर हिशेबच केला.

ऋजुताचा नाशिकहून दर तासाला एकच प्रश्न:
"बाबा, लेंड्या?"
खाडीचा वास खिडकीतून येत होता,
वर्तमानपत्र कोरं होतं.

पावणेचारला चार पडल्या.
मिऱ्याएवढ्या, वेड्यावाकड्या, एक तर शेपटीवाली.
आमच्या लाइनीवर चारही रिजेक्ट झाल्या असत्या.
मी एक उचलली, नखानं फोडली,
आत गवत होतं.
तिला फोन लावला तर माझा आवाजच फुटेना,
"चार," एवढंच म्हणालो.

सकाळी डब्यातली पट्टी चष्मा लावून वाचली.
मागची ती मुंगीएवढी अक्षरं,
सव्वीस वर्षांत एकदाही वाचली नव्हती.
सशाचा उल्लेख नाही. का असावा?
फेकली मात्र नाही.
वरच्या फळीवर ठेवली, साबूच्या गवतापासून लांब.
माझी डावी दाढ पुन्हा ठणकायला लागलीय,
पण या वेळी मीही विचारून घेईन म्हणतो.